क्रूझवर बोट लागू नये म्हणून नेमकं काय करावं? (मुंबई–गोवा–लक्षद्वीप)

ओटीवरची
मंडळी, जानेवारीत मुंबईहून गोवा-लक्षद्वीप क्रूझला जायचं ठरतंय. बुकिंग अजून केलेलं नाही. आम्ही चौघं: आई (वय ६८, बीपीची गोळी आणि काचबिंदूचे थेंब चालू), नवरा (आंबोली घाटात दर वेळी पिशवी लागते), मुलगी (सहा वर्षं) आणि मी (मायग्रेन). प्रश्न असे:

१. खोली कुठली घ्यावी? समुद्र दिसणारी की आतली, वरची की खालची?
२. गोळी कुठली आणि नेमकी कधी?
३. आलं, मनगटावर दाब देणारे पट्टे यांचा काही उपयोग होतो का?
४. आधी गेटवेहून मांडव्याला जाऊन चाचणी घ्यावी का?

आधीचे धागे चाळले. त्यात "काही होत नाही हो, बिनधास्त जा" यापलीकडे हाती लागलं नाही.

नांगर_वर
खोलीपासून सुरुवात करतो, कारण ती एकदा घेतली की बदलता येत नाही.

जहाजाच्या हालचाली तीन प्रकारच्या त्रास देतात. डावी-उजवीकडे डोलणं, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वर-खाली होणं, आणि अख्खं जहाज उचललं जाऊन खाली बसणं. डोलणं दिसायला भयंकर असतं, पण पोट ढवळून काढतात ते उरलेले दोन प्रकार. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंखे (स्टॅबिलायझर) असतात. ते डोलणं बरंच कमी करतात, नाळेच्या वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा काही इलाज चालत नाही. शिवाय पंख्यांवरून पाणी वाहत असेल तरच ते काम करतात, म्हणजे जहाज चालू असताना. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाला त्यांचा उपयोग नाही. लक्षद्वीपच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, त्यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

नाळ वर-खाली होते तेव्हा जहाजाचा मधला भाग जवळपास स्थिर राहतो आणि दोन्ही टोकं सगळ्यात जास्त हलतात. डोलताना वरचे मजले जास्त फिरतात. म्हणून खोली लांबीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात आणि जितकी खाली मिळेल तितकी खाली घ्या. यातलं एकच साधत असेल तर 'मधे' हे 'खाली'पेक्षा जास्त महत्त्वाचं. मधल्या भागातली आठव्या मजल्यावरची खोली नाळेजवळच्या तिसऱ्या मजल्यापेक्षा बरी.

बुकिंग करताना मजल्यांचा आराखडा उघडा आणि जिना-लिफ्ट कुठे आहेत यावर विसंबू नका. आराखड्यावर पट्टी ठेवून नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मापा आणि मधली खोली शोधा. काही जहाजांवर मुख्य जिना मध्यापासून बराच पुढे किंवा मागे असतो, आणि 'लिफ्टजवळ म्हणजे मधे' या समजुतीने लोक फसतात.

'खोली क्रमांक नंतर कळवू' अशी स्वस्त तिकिटं असतात, ती घेऊ नका. न खपलेल्या खोल्या त्यांच्या वाट्याला येतात, आणि न खपलेल्या खोल्या बहुतेकदा टोकांच्या असतात.

समुद्र दिसणारी की आतली? जागेपणी क्षितिज दिसलं तर नक्की फायदा होतो. पण वरच्या मजल्यावरच्या, टोकाच्या बाल्कनीपेक्षा खालची, मधली, बिनखिडकीची खोली चांगली. आत फक्त झोपायला जा, जागेपणी डेकवर राहा.

काउंटरपलीकडे
गोळ्यांचं मी लिहिते. आधी एक गोष्ट: आईंचा काचबिंदू आणि तुमचं मायग्रेन, दोन्हींसाठी डॉक्टरांशी बोलणं टाळू नका. कारणं खाली येतीलच.

आपल्याकडे सहज मिळणारी आणि खरोखर उपयोगी औषधं थोडीच आहेत.

एव्होमिन: यात प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिग्रॅ असतं. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना एक, छोट्या प्रवासाला निघण्याआधी एक-दोन तास. परिणाम दीर्घकाळ टिकतो. झोप मात्र जबरदस्त येते, तोंड कोरडं पडतं.

स्टुजेरॉन: सिनारिझिन २५ मिग्रॅ. झोप तुलनेने कमी. काही खाल्ल्यावर घ्यायची, नाहीतर पोटात जळजळ होते. निघण्याआधी दोन तास घेतलेली बरी. दुकानात मागताना ताकद वाचून घ्या, कारण याच नावाची 'फोर्ट' गोळी ७५ मिग्रॅची असते, ती वेगळ्या कामाची आहे. 'प्लस' म्हणजे सिनारिझिन २० आणि डायमेनहायड्रिनेट ४०, तीही वेगळी.

डायमेनहायड्रिनेट (ड्रामामाइन, ग्रॅव्हॉल): मोठ्यांना ५० ते १०० मिग्रॅ, अर्धा ते एक तास आधी, दर चार ते सहा तासांनी. दिवसाला ४०० मिग्रॅच्या वर नाही. लवकर लागू पडतं, लवकर उतरतं.

वरचं सगळं एकाच कुळातलं (अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरच्या औषधांच्या) आहे. दोन एकत्र घेतल्याने दुप्पट फायदा होत नाही, फक्त दुप्पट झोप येते. एकच निवडा. दारू किंवा झोपेची गोळी यांच्याबरोबर यातलं काहीही नको.

आता लोक घेतात पण ज्यांचा इथे उपयोग नाही अशी औषधं. ही यादी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण घरातल्या औषधांच्या डब्यात हीच सापडतात.

ओन्डॅन्सेट्रॉन (एमसेट, व्होमिकाइंड वगैरे): केमोथेरपी किंवा पोटाच्या संसर्गाच्या उलट्यांना उत्तम. हालचालीने होणारी मळमळ मेंदूतल्या वेगळ्या वाटेने येते, तिथे हे औषध रोखत नाही.

डॉम्पेरिडॉन (डॉमस्टल): तेच. शिवाय ते मेंदूत फारसं शिरतच नाही.

सेटिरिझिन, लोराटाडिन: 'अँटिहिस्टामिन आहे ना, मग चालेल' हा तर्क चुकतो. झोप न आणणारी अँटिहिस्टामिनं यावर निष्प्रभ ठरतात.

ब्युस्कोपॅन: सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. परदेशी संकेतस्थळांवर 'हायोसिन घ्या' असं वाचून लोक हे मागतात. बोटीसाठी लागतं ते हायोसिन हायड्रोब्रोमाइड. ब्युस्कोपॅनमधलं ब्युटिलब्रोमाइड मेंदूपर्यंत पोचत नाही, ते पोटातल्या पेटक्यांवर काम करतं.

हायड्रोब्रोमाइडचा पट्टा कानामागे लावायचा असतो. तो तीन दिवस चालतो आणि निदान चार तास आधी लावावा लागतो. आपल्याकडच्या साध्या दुकानात सहसा मिळत नाही, अमेरिकेतून-इंग्लंडहून नातेवाईक आणतात. आणला असेल तर लावल्यावर आणि काढल्यावर साबणाने हात धुवा. बोटाला लागलेलं औषध डोळ्यात गेलं की बाहुली मोठी होते आणि तासन्‌तास धूसर दिसतं. कापून अर्धा लावू नका. तुमच्या आईंना हा पट्टा परस्पर लावायचा नाही. काचबिंदूचा कोन बंद होण्याचा प्रकार असेल तर डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. एव्होमिनलाही हाच धोका थोड्या प्रमाणात आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "कोन उघडा आहे की अरुंद?" उघडा असेल तर ते बहुधा परवानगी देतील. वयस्कर पुरुषांत प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडकण्याची भीती, तेही ध्यानात ठेवा.

तुमच्यासाठी: मायग्रेन टाळायला फ्लुनारिझिन चालू आहे का? ते सिनारिझिनचंच भावंड आहे. दोन्ही एकत्र नको.

ओटीवरची
फ्लुनारिझिन चालू आहेच, रात्री एक. म्हणजे मला एव्होमिनच का? आणि मुलीला?

बालवाडी_ते_दहावी
मुलांचं मी सांगतो. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा बोट लागत नाही. सगळ्यात जास्त त्रास साधारण सहा ते बारा या वयात, म्हणजे तुमची मुलगी त्या टप्प्याच्या तोंडावर आहे.

एव्होमिन पाच ते दहा वर्षांना अर्धी गोळी, म्हणजे १२.५ मिग्रॅ. पाचच्या खाली ही गोळी देत नाहीत. दोनच्या खाली प्रोमेथाझिन कुठल्याही रूपात नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. हे सर्दीच्या काही सिरपमध्येही असतं, तेव्हा सर्दीचं औषध आणि ही गोळी एकत्र देताना बाटली वाचा. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून मात्रा पक्की करून घ्या.

काही मुलांना या औषधाने झोप येण्याऐवजी उलटच होतं, रात्रभर उड्या मारतात. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी, सुट्टीच्या दिवशी घरी एक मात्रा देऊन बघा. मोठ्यांनीही हे करावं. कोणाला किती गुंगी येते ते जहाजावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

मोबाइल, रंगकामाची वही, गोष्टीचं पुस्तक जहाज हलत असताना बंद. त्याऐवजी लांबचं काहीतरी शोधायला लावा: दीपगृह, मासेमारीच्या होड्या, मालवाहू जहाजं. गोष्ट सांगायची तर तोंडी सांगा.

काउंटरपलीकडे
@ओटीवरची, हो, तुमच्यासाठी एव्होमिन किंवा डायमेनहायड्रिनेट, आणि तेही फ्लुनारिझिन देणाऱ्या डॉक्टरांना विचारून. फ्लुनारिझिननेही झोप येते, दोन्हींची बेरीज होईल. मायग्रेन असणाऱ्यांना बोट जास्त लागते आणि बोट लागल्यावर डोकं उठतं, असं दुहेरी आहे. तुम्ही वाट बघायचीच नाही, आधीपासून गोळी घ्यायची.

चिवडा_प्रेमी
आमच्याकडे सगळे सांगतात, उपाशी जा, म्हणजे ओकायला काही नसतंच.

काउंटरपलीकडे
ते चुकीचं आहे. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि मग नुसतं पित्त येतं, ज्याने घसा जळतो. निघण्याआधी दीड-दोन तास हलकं, कोरडं काहीतरी खा: भाकरी, टोस्ट, खाकरा, कुरमुरे, दहीभात चालेल. तळलेलं, मसालेदार, खूप गोड नको. जहाजावर पहिल्या संध्याकाळीच बुफे असतो आणि लोक पैसे वसूल करायला तुटून पडतात. त्याच वेळी जहाज बंदराबाहेर पडत असतं. पहिल्या रात्री अर्धं पोट, दुसऱ्या दिवसापासून वसुली.

दारूचं वेगळं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांमध्ये एक जेलीसारखा पडदा असतो. दारू त्यात आजूबाजूच्या द्रवाच्या आधी शिरते, पडदा हलका होतो आणि डोकं स्थिर असतानाही फिरल्याचा संदेश जातो. त्यात जहाज खरंच हलत असतं.

शास्त्रोक्त_शंका
आलं आणि पट्टे यांच्याबद्दल कोणी बोललं नाही. आल्याचे प्रयोग झालेत, निकाल मिश्र आहेत. काहींत फायदा दिसला, काहींत नाही. तोटा फारसा नाही. साधारण एक ग्रॅम सुंठ, म्हणजे सपाट अर्धा चमचा, अर्धा-एक तास आधी. आलेपाकाच्या वड्या चघळायला बऱ्या, पण त्यात साखर जास्त आणि आलं किती ते करणाऱ्याच्या हातावर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुंठीचा मारा नको. मनगटाचा पट्टा मनगटाच्या घडीपासून आतल्या बाजूला कोपराकडे तीन बोटं, दोन कंडरांच्या (ताठ दोऱ्यांसारख्या शिरांच्या) मधे बसायला हवा. पुरावा त्याहून कच्चा. ज्याला मानसिक आधार वाटतो त्याने बांधावा, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये. लिंबू हुंगणं, खिशात कांदा ठेवणं यांबद्दल मी काही बोलत नाही.

नांगर_वर
चौथा प्रश्न राहिला: मांडव्याची चाचणी.

त्या चाचणीतून क्रूझबद्दल फारसं काही कळत नाही. कारण सांगतो, थोडं गणित आहे पण कामाचं आहे.

माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो साधारण पाच-सहा सेकंदांत एकदा वर-खाली होण्याने. त्याहून बरीच जलद किंवा बरीच संथ हालचाल तितकी लागत नाही. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये साधारण १.५६ गुणिले आवर्तनकाळाचा (लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांचा) वर्ग एवढी असते. पाच सेकंदांची लाट म्हणजे जेमतेम ३९ मीटर. गेटवे-मांडवा मार्गावर दुपारच्या वाऱ्याने उठणारी लाट अशीच आखूड असते. तिथल्या छोट्या बोटी तिच्यावर नाचतात. दोनशे मीटरच्या जहाजाखाली अशा पाच लाटा एकाच वेळी मावतात आणि जहाजाला त्यांची जाणीवही होत नाही.

क्रूझला हलवते ती लांबून आलेली फुगोटी (दूरच्या वाऱ्याने उठलेली लांब, संथ लाट, इंग्रजीत 'स्वेल'). दहा सेकंदांची लाट १५६ मीटर, बारा सेकंदांची जवळपास २२५. मुंबईहून २०२१पासून फिरणारी कॉर्डेलिया एम्प्रेस १९९० सालची, सुमारे २११ मीटर लांबीची आहे. लाट आणि जहाज सारख्या लांबीचे झाले की नाळ उचलली जाते आणि आपटते. म्हणजे मांडव्याला ओकणारा माणूस क्रूझवर मजेत असू शकतो, आणि उलटही. खरा इशारा घाटातून मिळतो. ज्याला घाट लागतो त्याला बोट लागण्याची शक्यता जास्त. तेव्हा तुमच्या यजमानांनी चाचणीत वेळ घालवू नये, सरळ गोळी घ्यावी.

आता याच गणितातून निघणारी एक गोष्ट, जी तिकीट विकणारे सांगत नाहीत. हिवाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लाटा बहुतेक वायव्येकडून येतात. अरबस्तानावरच्या शमाल वाऱ्यांनी उठलेली फुगोटी दोन-तीन दिवसांत इथे पोचते, आणि त्यात दुपारनंतरचा आपला वायव्य वारा भर घालतो. मुंबईहून दक्षिणेला जाताना ही लाट मागून येते. १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किमी) वेगाने पळणाऱ्या जहाजाला मागची दहा सेकंदांची लाट वीसेक सेकंदांनी एकदा गाठते. सावकाश झोका, कोणाला कळतही नाही. परतीला तीच लाट समोरून येते आणि पावणेसात सेकंदांनी एकदा भेटते, म्हणजे त्रासाच्या पट्ट्याच्या अगदी जवळ. म्हणून 'जाताना काहीच झालं नाही, आता गोळ्या कशाला' म्हणणारे येताना आडवे होतात.

वाऱ्याची_दिशा
@नांगर_वर, उत्तम. हवामान कसं बघायचं तेवढं जोडतो. हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) सागरी अंदाज मोफत आहे. त्यात नुसती लाटेची उंची बघू नका, तीन आकडे बघा: उंची, आवर्तनकाळ, दिशा. दिलेली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट लाटही येते. एवढ्या आकाराच्या जहाजासाठी माझा ढोबळ अंदाज असा: दीड मीटरच्या खाली काही वाटत नाही, दोन ते अडीचला संवेदनशील लोकांना जाणवतं, तीनच्या वर जेवणाच्या दालनात रिकाम्या खुर्च्या दिसू लागतात. आठ सेकंदांच्या खालची लाट असेल तर उंची थोडी जास्त असली तरी चालते.

जानेवारी चांगला महिना आहे. पावसाळा, म्हणजे जून ते सप्टेंबर, विचारातच नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. डिसेंबरही पूर्ण निर्धोक नाही, ओखी लक्षद्वीपवरून गेलं ते डिसेंबर २०१७च्या पहिल्या दोन दिवसांत. एप्रिल-मेमध्ये दक्षिण महासागरातून येणारी लांब फुगोटी केरळ-लक्षद्वीपला पोचते. आभाळ स्वच्छ, वारा शून्य आणि तरी जहाज हलतंय, असं दिसलं तर ती असते.

पडावातला
लक्षद्वीपचं लिहितो. तिथे बोट लागते ती क्रूझवर कमी आणि उतरताना जास्त. मोठं जहाज खाजणात (प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, 'लगून'मध्ये) शिरू शकत नाही. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं आणि तिथून छोट्या बोटीने जायचं असतं. कोचीहून जाणाऱ्या एम. व्ही. कवरत्तीसारख्या प्रवासी जहाजांचंही बऱ्याचदा तेच.

म्हणजे तीन टप्पे. पहिला: उभं असलेलं जहाज. वर आलंच आहे, पंखे काम करत नाहीत, आडवी लाट आली की ते डोलतं. खालच्या मजल्यावर, बंद दालनात रांग लावून उभं करतात, क्षितिज दिसत नाही, डिझेलचा वास. बहुतेकांचं पोट इथेच बिघडायला लागतं. दुसरा: छोटी बोट. जहाजाच्या शेजारी ती भरेपर्यंत थांबते तेव्हा हालचाल सगळ्यात वाईट, निघाल्यावर बरी. तिसरा: कड्याच्या आत शिरलं की पाणी ताटातल्यासारखं शांत.

म्हणून गोळी उतरण्याच्या रांगेच्या हिशेबाने घ्या. सकाळी आठला गट क्रमांक पुकारणार असतील तर सहा-साडेसहाला, बिस्किटं खाऊन. आपला क्रमांक पुकारल्याशिवाय खालच्या दालनात जाऊ नका, उघड्या डेकवर थांबा. बोटीत मधे किंवा मागच्या बाजूला बसा, धूर येत नसेल तर. नाळेवर बसायची हौस मुलांना असते, ती जागा सगळ्यात जास्त उसळते.

काचेच्या तळाची बोट हा वेगळा सापळा. खाजण शांत असतं, पण माणूस मान खाली घालून हलत्या तळाकडे टक लावून बघतो. मिनिटभर खाली, मिनिटभर लांब किनाऱ्याकडे, असं करा. आणि एव्होमिन घेतलेल्याने स्कूबा करू नये. गुंगीत पाण्याखाली जाणं धोक्याचं आहे, प्रशिक्षकाला घेतलेली गोळी सांगा.

निळा_कंदील
अंदमानला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी: पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम)–हॅवलॉकच्या जलद कॅटॅमरान (जोडसांगाड्याच्या बोटी) बंदिस्त, वातानुकूलित असतात, चालू असताना बाहेर उभं राहू देतीलच असं नाही. तिकीट काढताना खालच्या मजल्यावरची, मधली ते मागची, खिडकीजवळची जागा. पुढच्या रांगांचं तिकीट महाग असलं तरी तिथे आदळआपट जास्त. सकाळची पहिली फेरी पकडा.

ओटीवरची
केवढी माहिती! आता मला वेळापत्रक लावून द्याल का? समजा जहाज संध्याकाळी पाचला सुटणार.

काउंटरपलीकडे
बॅलार्ड पिअरला चढण्याची गडबड दुपारीच सुरू होते, पण बंदरात जहाज हलत नाही. सुटण्याआधी सगळ्यांची जीवनरक्षक कवायत सक्तीची असते, गोळी त्याआधीच घेतलेली हवी. हालचाल कुलाब्याचं टोक आणि प्राँग्जचं दीपगृह मागे पडल्यावर जाणवू लागते.

यजमान: दुपारी जेवण साडेबारा-एकला, साधं. स्टुजेरॉन २५ दुपारी तीनच्या सुमारास. पुढची गोळी पाकिटावरच्या अंतराने, झोपण्याआधी. दुसऱ्या दिवशी समुद्र बरा असेल तर सोडून बघायची.
तुम्ही: डॉक्टरांनी होकार दिला तर आदल्या रात्री एव्होमिन एक. मग जहाजावरच्या पहिल्या रात्री झोपताना एक. दिवसा नको, झोपाळलेल्याच राहाल.
मुलगी: बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेली मात्रा, कवायतीच्या आधी तासभर.
आई: डोळ्यांच्या डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत औषध नाही. मधली-खालची खोली, डेकवर खुर्ची, झुलू लागलं की आडवं होणं. बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध असेल तर उलट्या झाल्यावर पाणी लवकर कमी पडतं, तेव्हा जहाजावरच्या डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवा. बीपीची गोळी उलटून पडली तर मनाने दुसरी देऊ नका.

पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे. त्यानंतर बहुतेकांच्या मेंदूला सवय होते. चार-पाच दिवसांच्या सहलीत सवय होईपर्यंत घरी यायची वेळ येते, त्यामुळे 'आपोआप सवय होईल' यावर विसंबू नका.

चिवडा_प्रेमी
आणि एवढं करूनही मळमळायला लागलं तर?

नांगर_वर
मळमळ ही सुरुवात नसते. त्याआधी जांभया, तोंडाला पाणी सुटणं, चेहरा पांढरा पडणं, कपाळावर गार घाम, बोलावंसं न वाटणं. दुसऱ्या-तिसऱ्या जांभईलाच उठा. जहाजाच्या मधल्या भागातल्या उघड्या डेकवर, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला जा. चिमणीचा धूर अंगावर येत नाही ना बघा. क्षितिजावर नजर, पाय थोडे फाकवून, गुडघे सैल. श्वास मुद्दाम संथ घ्या. वीस मिनिटांत बरं वाटलं नाही तर खोलीत जाऊन सपाट पाठीवर पडा, डोळे बंद, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उश्या, म्हणजे मान हलत नाही. अर्धवट बसून टीव्ही बघणं सगळ्यात वाईट.

संध्याकाळच्या कार्यक्रमाचं: नाट्यगृह बऱ्याच जहाजांवर नाळेकडे असतं, अंधारं, क्षितिज नाही. हलत असेल तर मागच्या दाराजवळची खुर्ची घ्या.

काउंटरपलीकडे
औषधाच्या बाजूने: मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं. त्यानंतर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा बाहेर येते. 'गोळी घेऊन बघितली, लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांनी बहुतेकदा ती इतक्या उशिरा घेतलेली असते. मग दुसरी, तिसरी गोळी घेऊ नका. त्या साठतात आणि नंतर एकदम उतरतात. जहाजावरच्या दवाखान्यात जा, प्रोमेथाझिनचं इंजेक्शन देतात, बहुतेक लोक त्यावर झोपून उठतात ते बरे होऊन. दवाखान्याचं बिल वेगळं लागतं, प्रवास विम्यात ते येतं का ते आधी वाचा.

पाणी: एक लिटरची ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी ओतून घट्ट करू नका, उलट्या वाढतात. उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा, मुलीला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा.

हे मात्र बोट लागणं नाही: ताप किंवा जुलाबाबरोबर उलट्या (पोटाचा संसर्ग, जहाजावर झपाट्याने पसरतो, लगेच कळवा आणि खोलीत थांबा), छातीत किंवा जबड्यात दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा हातापायात अशक्तपणा, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत डोळा लाल होऊन दुखणं, दिव्यांभोवती वलयं दिसणं. ज्यांना मधुमेहाचं इन्शुलिन चालू आहे आणि अन्न टिकत नाही, त्यांनीही थांबू नये.

ओटीवरची
खोलीचं आजच बघितलं. मधल्या हिश्श्यातली चौथ्या मजल्यावरची खिडकीची खोली मिळतेय, बाल्कनी नाही. तेवढीच घेते. परतीच्या गोळ्यांचं मात्र सांगून ठेवा. गोव्याहून रात्री निघणार आहे.

नांगर_वर
छान खोली आहे. परतीला तोंडावर लाट असेल हे धरूनच चाला. इन्कॉइसवर आदल्या दिवशी वायव्येची दीड मीटरच्या वर लाट दिसली तर सगळ्यांनी पहिल्या रात्रीसारखीच तयारी ठेवावी.

काउंटरपलीकडे
आणि गोळ्यांची पाकिटं मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग चढताना काढून घेतात आणि खोलीत पोचायला कधीकधी संध्याकाळ होते. पर्समध्ये ठेवा: मूळ पाकिटातल्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, ओआरएसच्या चार पुड्या, पक्क्या तोंडाच्या पिशव्या. परतीला रात्री दहाला निघत असाल तर तुमची एव्होमिन आठला, यजमानांची स्टुजेरॉन जेवणानंतर आठलाच. मुंबईत उतरल्यावर एव्होमिन घेतलेल्याने गाडी चालवायची नाही.

बालवाडी_ते_दहावी
घरी आल्यावर न्हाणीघरात जमीन हलल्यासारखी वाटेल, मुलगी घाबरेल. एक-दोन दिवसांत जातं, औषध लागत नाही. महिनाभर टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.